वाक्यातली चूक : शोध आणि दुरुस्ती

‘शिक्षिकेने मुलांना पुस्तक दिली.’ या वाक्यात काहीतरी चुकले आहे, हे मराठी वाचणाऱ्या कोणालाही लगेच जाणवते. चूक दुरुस्त करायला सांगितले, की मात्र दोन उत्तरे येतात. कोणी ‘पुस्तक दिले’ असे करतो, कोणी ‘पुस्तके दिली’ असे करतो. दोन्ही वाक्ये व्याकरणाला धरून आहेत आणि दोन्हींत बदल एकेकाच खुणेचा आहे. तरीही लेखकाच्या मनात त्यांतले एकच होते. पुस्तक एक होते की अनेक, हे या चार शब्दांत कुठेच लिहिलेले नाही.

चूक शोधणे आणि चूक सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या छोट्या वाक्यावरून कळते. शोध भाषेच्या नियमांवर चालतो. दुरुस्तीसाठी लेखकाला काय म्हणायचे आहे ते समजावे लागते. मुद्रितशोधकाच्या टेबलावर आणि संगणकाच्या पडद्यावर, दोन्हीकडे हीच अडचण आहे. मराठी मजकुरातली चूक अक्षरापासून परिच्छेदापर्यंत कशी पकडली जाते, यंत्राला त्यातले काय जमते आणि माणसाने काय स्वतःकडे ठेवायला हवे, ते क्रमाने पाहू.

बरोबर कशाला म्हणायचे?

चूक ठरवण्याआधी बरोबर काय ते ठरलेले असावे लागते. मराठीत त्याचे दोन आधार आहेत. पहिला आधार व्याकरणाचा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, तर मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. मराठी माणूस वाक्य कसे बांधतो, याचे वर्णन अशा ग्रंथांत आहे. ‘मुलगी आला’ हे वाक्य कोणत्याही ठरावामुळे चूक ठरलेले नाही. मराठी बोलणारे तसे बोलत नाहीत, म्हणून ते चूक आहे.

दुसरा आधार लेखननियमांचा. हे नियम ठरवून केलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. आज आपण ज्या १८ नियमांनी लिहितो ते हेच. ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘नाहीं’, ‘घरीं’ ही रूपे त्याआधी शिष्टसंमत होती. आज ‘कवी’, ‘बुद्धी’, ‘नाही’, ‘घरी’ असे लिहावे लागते.

हा फरक तपासणाऱ्याने पक्का लक्षात ठेवायला हवा. ‘मुले आले’ आणि ‘कवि’ या दोन्हींवर लाल रेघ येईल, पण पहिली चूक वाक्याच्या बांधणीतली आहे आणि दुसरी लिहिण्याच्या संकेतातली. मजकूर कधीचा आहे, हेही पाहावे लागते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य आणि केशवसुतांच्या आधीचे पद्य छापताना मूळ लेखन तसेच ठेवावे, अशी तरतूद या नियमांतच आहे.

अक्षर : डोळ्याला एक, यंत्राला दुसरे

आता सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करू. आपण ‘की’ हे एक अक्षर वाचतो. संगणक तिथे ‘क’ आणि दुसरी वेलांटी अशा दोन खुणा मोजतो. युनिकोड या संगणकीय लिपिसंकेताच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिचा १२८ जागांचा कप्पा मिळाला आहे. स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि व्यंजनाचा पाय मोडणारी खूण या सगळ्यांना त्यात आपापला क्रमांक आहे. जोडाक्षर मात्र तिथे एकसंध नसते. ‘ज्ज्व’ हे ज, पायमोडी खूण, ज, पायमोडी खूण आणि व अशा पाच तुकड्यांत साठवले जाते.

यातून पहिली अडचण उभी राहते. ‘दऱ्या’ या शब्दातला आडवा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून कोणत्याही चांगल्या तपासणीचे पहिले काम मजकूर एकसारखा करून घेणे हे असते. दिसायला सारखे ते साठवणीतही सारखे झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी अडचण अंतराची आहे. चुकीच्या शब्दाला सर्वांत जवळचा बरोबर शब्द कोणता, हे ठरवण्यासाठी संगणक फेरफार मोजतो. फ्रेड डॅमेराऊ यांनी १९६४ मध्ये इंग्रजी शब्दांच्या चुका तपासल्या. त्यांतल्या सुमारे ८० टक्के चुका चारच प्रकारच्या एकेका फेरफाराने झाल्या होत्या : एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. पुढच्याच वर्षी व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी असे फेरफार मोजण्याची गणिती व्याख्या मांडली. आजही बहुतेक स्पेलचेकर याच कल्पनेवर सूचना देतात.

मराठीत हे माप जसेच्या तसे वापरले, की गडबड होते. ‘उज्वल’ लिहिणाऱ्याने माणसाच्या दृष्टीने एक ‘ज’ गाळला. संगणकाच्या मोजणीत मात्र ‘उज्ज्वल’पर्यंत पोचायला ‘ज’ आणि पायमोडी खूण असे दोन फेरफार लागतात. ‘आर्शीवाद’मध्ये फक्त रफार एक अक्षर अलीकडे सरकला आहे, पण ‘आशीर्वाद’ होण्यासाठी यंत्राला चार फेरफार मोजावे लागतात. म्हणून मराठीसाठी मोजमाप अक्षरगटांवर करावे लागते. शिवाय वारंवार होणाऱ्या गोंधळांना कमी वजन द्यावे लागते. पहिली आणि दुसरी वेलांटी, पहिला आणि दुसरा उकार, न आणि ण, श आणि ष, ल आणि ळ या जोड्या एकमेकींच्या जवळ मानल्या, की योग्य शब्द सूचनांच्या यादीत वर येतो.

शब्द आणि त्याची रूपे

शब्द यादीत आहे का, एवढे पाहिले की झाले, असे वाटू शकते. मराठीत ती यादी संपत नाही. ‘घर’ या एका शब्दापासून घरे, घरात, घरांना, घरातला, घरातल्यांना, घरासमोर, घरासमोरचा आणि थेट ‘घरासमोरच्यांनासुद्धा’पर्यंत रूपे होतात. सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यय, पुन्हा प्रत्यय आणि शेवटी ‘च’, ‘ही’ किंवा ‘सुद्धा’ अशी ही साखळी आहे. प्रत्येक नामाची सगळी रूपे लिहून काढणे व्यवहार्य नाही.

म्हणून यादीच्या जोडीला नियम ठेवतात. लास्लो नेमेथ यांचा ‘हन्स्पेल’ हा स्पेलचेकर मूळ हंगेरियन भाषेसाठी तयार झाला. त्या भाषेतही शब्दांना भरपूर प्रत्यय लागतात. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांत तोच वापरला जातो. त्याच्याकडे दोन फायली असतात : एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. प्रत्येक मूळ शब्दापुढे त्याला कोणते नियम लागू होतात, याची खूण असते. मजकुरातला शब्द आला, की प्रत्यय सोलत सोलत मूळ शब्द सापडतो का ते पाहिले जाते. एकामागे एक दोन थर सोलण्याची त्यात सोय आहे. मराठीत थर त्याहून अधिक होतात, तेव्हा काही प्रत्ययांच्या तयार जोड्या करून नियमांत भराव्या लागतात.

खरी परीक्षा सामान्यरूपाची असते. ‘गरीब’चे ‘गरिबाला’, ‘फूल’चे ‘फुलाला’, ‘नागपूर’चे ‘नागपुरात’ असे उपान्त्य अक्षर ऱ्हस्व होते. ‘लाकूड’चे ‘लाकडाला’ आणि ‘बेरीज’चे ‘बेरजेला’ होताना ते ‘अ’ होते. ‘शरीर’ आणि ‘गीत’ हे तत्सम शब्द; ते ‘शरीराला’, ‘गीताला’ असे दीर्घच राहतात. म्हणजे शब्द कुठून आला, ही माहितीही कोशात असावी लागते. समासातही तसेच. ‘मंत्री’ बरोबर, ‘मंडळ’ बरोबर, पण दोन्ही जोडल्यावर ‘मंत्रिमंडळ’ असे पहिल्या वेलांटीने लिहायचे. ‘प्राणिसंग्रहालय’ आणि ‘पक्षिनिरीक्षण’ हेही त्याच वाटेने जातात.

काही शब्द कारण समजले, की पुन्हा चुकत नाहीत. ‘महत्त्व’, ‘तत्त्व’, ‘सत्त्व’ यांत दोन त का? मूळ शब्दांच्या शेवटी त् आहे आणि त्याला ‘त्व’ लागला आहे. ‘नेतृत्व’मध्ये मूळ शब्द ‘नेतृ’, म्हणून एकच त. ‘व्यक्तिमत्त्व’मध्ये दोन आणि ‘व्यक्तित्व’मध्ये एक, यामागेही हाच हिशेब आहे.

शब्द बरोबर, जागा चुकीची

यादी आणि नियम दोन्ही हाताशी असूनही एक मोठा गट निसटतो. ज्यांत प्रत्येक शब्द खरा आहे, अशा या चुका.

‘यंदा पिक चांगले आले’ या वाक्यात स्पेलचेकर गप्प राहू शकतो, कारण ‘पिक’ म्हणजे कोकीळ. शेतातले ते ‘पीक’. ‘शिक्षक दीन साजरा झाला’ इथे ‘दीन’ हा गरीब या अर्थाचा खरा शब्द आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही दोन्ही बरोबर रूपे. पहिले आचार्यांचे, दुसरे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचे. ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये आणि ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान. ‘त्यांच्या साठी’ असे तोडून लिहिले, तरी यंत्राला दोन बरोबर शब्द दिसतात, कारण वयाची ‘साठी’ कोशात असतेच. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचे, हे त्याला वेगळे शिकवावे लागते.

‘वेळ’ हा शब्द तर लिंग बदलून अर्थ बदलतो. ‘जेवणाची वेळ झाली’ इथे तो स्त्रीलिंगी, ‘जेवायला फार वेळ लागला’ इथे पुल्लिंगी. ‘वेळ लागली’ चूक आहे की नाही, हे एका शब्दाकडे पाहून सांगता येत नाही. इथून पुढे वाक्य वाचावे लागते.

वाक्याचा मेळ

मराठी वाक्यात क्रियापद कोणामागे जाते, हा व्याकरणाचा गाभा आहे. त्याची एक सोपी कसोटी आहे : ज्या नामाला प्रत्यय लागलेला नाही, त्याच्यामागे क्रियापद जाते. ‘मुलगी पुस्तक वाचते’ यात कर्ता प्रत्ययाविना आहे, म्हणून क्रियापद मुलीचे. ‘मुलीने धडा वाचला, गोष्ट वाचली, पुस्तक वाचले’ यात कर्त्याला ‘ने’ लागला, म्हणून क्रियापद कर्माचे. ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवले’ यात कर्ता आणि कर्म दोघांनाही प्रत्यय आहे, म्हणून क्रियापद कोणाचेच नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात राहते. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात ते हेच.

या कसोटीला अपवाद आहेत. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना ‘ने’ लागत नाही, तरी ‘मी पोळी खाल्ली’ यात क्रियापद पोळीमागे जाते. शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही कर्त्यालाच धरून राहतात : ‘ती कविता शिकली’, ‘तो पत्ता विसरला’. ‘म्हणणे’ या क्रियापदाची दोन भूतकाळी रूपे आहेत : ‘ती म्हणाली’ आणि ‘तिने म्हटले’. यांची सरमिसळ होऊन ‘तिने म्हणाली’ असे लिहिले जाते.

दुसरी हमखास जागा नपुंसकलिंगी अनेकवचनाची. ‘मुलगी आली’ आणि ‘मुले आली’ यांत क्रियापद सारखेच दिसते. अनेकवचन आहे म्हणून ‘मुले आले’, ‘फुले उमलले’ असे लिहिले जाते. बरोबर रूपे ‘मुले आली’, ‘फुले उमलली’.

तिसरी जागा चा-ची-चे-च्या. हे प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात आणि पुढच्या नामाला प्रत्यय लागला, की सरळ ‘च्या’ होतात. ‘भाषेचे संवर्धन’, पण ‘भाषेच्या संवर्धनासाठी’. कार्यालयीन पत्रांत ‘शासनाचे आदेशानुसार’ हे जुने वळण अजून दिसते; आजच्या प्रमाण लेखनात तिथे ‘शासनाच्या आदेशानुसार’ हवे. विशेषणांचेही असेच : ‘चांगला मुलगा’, पण ‘चांगल्या मुलाला’.

वाक्य लांबले, की मेळ तुटण्याची शक्यता वाढते. ‘समितीने शाळांच्या इमारतींच्या केलेल्या पाहणीचा अहवाल सादर केली’ या वाक्यात ‘समिती’ आणि ‘पाहणी’ हे दोन स्त्रीलिंगी शब्द लेखकाच्या कानात घुमत राहतात आणि ‘केली’ लिहून होते. क्रियापदाला प्रश्न विचारला, की उत्तर मिळते. काय सादर केला? अहवाल. म्हणून ‘केला’.

यंत्र वाक्य कसे तपासते?

वाक्य तपासण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली नियमांची. प्रत्येक शब्दाला जात, लिंग, वचन आणि विभक्ती यांची चिठ्ठी लावायची आणि मग जुळत नाहीत त्या जोड्या शोधायच्या. ‘ने’ लागलेला कर्ता आणि ‘म्हणाला’ शेजारी आले, की खूण करा, असा नियम लिहिणे सोपे आहे. अडचण चिठ्ठी लावण्यातच येते. ‘ती मुलगी’ आणि ‘ती मुले’ यांत ‘ती’ एकच दिसते. ‘ते’ हे एक वस्तू, अनेक पुरुष आणि आदराने उल्लेखलेला एक माणूस, या तिघांनाही चालते. नियमांच्या वाटेचा मोठा गुण असा, की यंत्र चुकीचे कारणही सांगू शकते.

दुसरी वाट मोजणीची. भरपूर मजकूर जमवून कोणता शब्द कोणाशेजारी किती वेळा येतो, हे मोजायचे. ‘मुले आली’ पुष्कळदा आणि ‘मुले आले’ क्वचित दिसले, की दुसऱ्यावर संशय घ्यायचा. मराठीसाठी असा मजकूर आता उपलब्ध होऊ लागला आहे. पुण्यातील ‘एल३क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मोठा संग्रह खुला केला. या वाटेवर एक धोका आहे. लोक सर्रास ‘महत्व’ लिहीत असतील, तर मोजणी त्यालाच बरोबर समजेल. बहुसंख्येने लिहिलेले आणि नियमाने बरोबर असलेले नेहमी एकच असते असे नाही.

तिसरी वाट शिकण्याची. चुकीचे वाक्य आणि त्याचे दुरुस्त रूप अशा जोड्या यंत्राला दाखवायच्या आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करावा तसे चुकीच्या मराठीतून बरोबर मराठीत आणायला शिकवायचे. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही रचना आल्यानंतर या पद्धतीचा जोर वाढला, कारण ती वाक्यातल्या दूरदूरच्या शब्दांचे संबंध एकदम पाहू शकते. ‘समितीने’पासून ‘केला’पर्यंतचे अंतर तिला अडवत नाही. मात्र यासाठी जोड्या खूप लागतात. जिथे त्या कमी असतात, तिथे बरोबर वाक्ये घेऊन ती मुद्दाम बिघडवतात : ‘च्या’चा ‘चा’ करायचा, वेलांटी बदलायची, ‘साठी’ तोडून लिहायचे. माणसे खरोखर जशा चुका करतात तशाच केल्या, तर यंत्र उपयोगाचे शिकते. वाटेल तशा केल्या, तर वाटेल ते शिकते.

या तिसऱ्या वाटेचा दोष तिच्या गुणातच आहे. तिला ओघवते वाक्य लिहिता येते, त्यामुळे ती गरज नसतानाही वाक्य बदलते. वाक्य गुळगुळीत होते, पण लेखकाचा शब्द जातो आणि कधी अर्थही.

एक उतारा तपासून पाहू

हा छोटा उतारा घेऊ :

‘शाळेचे विद्यार्थ्यांनी काल गावातील जेष्ठ नागरीकांचा मुलाखती घेतला. त्या साठी त्यांनी दहा प्रश्ने तयार केले होते. पहिली मुलाखत देणाऱ्या आजींनी म्हणाल्या, “आमच्या वेळंला पाटी न्हाई आणली तर मास्तर वर्गात बसू द्यायचे न्हाईत.” मुलांनी लिहिलेले उत्तरे वाचून शिक्षक आनंदीत झाले.’

पहिली फेरी शब्दांची. ‘जेष्ठ’ कोशात नाही, ‘ज्येष्ठ’ हवे. ‘नागरीकांचा’मधून प्रत्यय सोलल्यावर ‘नागरीक’ उरते, तेही नाही, ‘नागरिक’ हवे. ‘प्रश्ने’ हे रूप होत नाही, कारण ‘प्रश्न’ पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनातही ‘प्रश्न’च राहतो. ‘आनंदीत’ या शब्दावर मात्र यंत्र फसू शकते. ‘आनंदी’ हे विशेषनाम यादीत असेल, तर ‘आळंदीत’सारखे ‘आनंदीत’ त्याला चालून जाईल. इथे हवे ‘आनंदित’.

दुसरी फेरी जोडणीची. ‘त्या साठी’ एकत्र करून ‘त्यासाठी’ करायचे.

तिसरी फेरी मेळाची. ‘विद्यार्थ्यांनी’ला प्रत्यय आहे, म्हणून ‘शाळेच्या’. ‘उत्तरे’ नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणून ‘लिहिलेली उत्तरे’. ‘म्हणाल्या’ हे क्रियापद कर्त्याला धरते, म्हणून ‘आजी म्हणाल्या’.

उरले ‘नागरिकांचा मुलाखती घेतला’. इथे तीन शब्दांचा आपसात मेळ नाही आणि दुरुस्त्या दोन शक्य आहेत : ‘नागरिकांच्या मुलाखती घेतल्या’ किंवा ‘नागरिकांची मुलाखत घेतली’. या वाक्यात निर्णय होत नाही. दोन वाक्ये पुढे ‘पहिली मुलाखत’ असे शब्द आहेत. म्हणजे मुलाखती एकाहून अधिक होत्या. पहिलीच दुरुस्ती बरोबर.

आजींच्या तोंडचे वाक्य तसेच ठेवायचे. पात्राच्या किंवा व्यक्तीच्या तोंडी बोलण्यातली रूपे लिहायला लेखननियमांनी मुभा दिली आहे. ‘वेळंला’ आणि ‘न्हाई’ ही त्या आजींच्या बोलीतली बरोबर रूपे आहेत. ती ‘वेळेला’ आणि ‘नाही’ केली, तर आजी काय म्हणाल्या याची नोंदच खोटी होते.

अशा नऊ दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या तीन-चार निव्वळ शब्दकोशाने सापडल्या. बाकीच्यांसाठी वाक्य आणि एकीसाठी पुढचे वाक्यही वाचावे लागले.

तपासनीस किती चांगला, हे कसे मोजायचे?

समजा, मजकुरात १०० चुका आहेत. सॉफ्टवेअरने ५० ठिकाणी खुणा केल्या आणि त्यांतल्या ४० खऱ्या चुका निघाल्या. त्याची अचूकता ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के. व्याप्ती १०० पैकी ४०, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्या सॉफ्टवेअरने २०० खुणा केल्या आणि ८० खऱ्या चुका पकडल्या. त्याची व्याप्ती ८० टक्के, पण अचूकता ४० टक्के. दुसऱ्याने दुप्पट चुका पकडल्या, तरी त्याच्या १२० खुणा बरोबर मजकुरावर होत्या.

यांत चांगले कोणते? इंग्रजीतल्या व्याकरणदोषांच्या दुरुस्तीसाठी २०१४ मध्ये ‘कॉनल’ ही संशोधकांची स्पर्धा झाली. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे निबंध तिच्यासाठी वापरले होते. गुण देताना तिथे अचूकतेला व्याप्तीच्या दुप्पट वजन दिले गेले. कारण स्पष्ट आहे. एखादी चूक सुटली, तर मजकूर होता तसा राहतो. बरोबर शब्दावर चुकीची खूण झाली, तर लेखक, विशेषतः शिकणारा विद्यार्थी, बरोबर लिहिलेले स्वतःच्या हाताने बिघडवतो. ते निबंध दोन तपासनिसांनी स्वतंत्रपणे तपासले होते, कारण एका चुकीच्या एकाहून अधिक योग्य दुरुस्त्या असू शकतात.

आपला मजकूर तपासताना

यातून घरी, वर्गात किंवा कार्यालयात वापरता येईल असा क्रम मिळतो. सगळ्या चुका एकाच वाचनात शोधू नका; डोळा अर्थामागे धावतो आणि वेलांटी सुटते. पहिल्या वाचनात फक्त शब्द पाहा. शंका आली, की अंदाज करू नका. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’, यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’, मो. रा. वाळंबे यांचे ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’ ही पुस्तके याच कामासाठी आहेत. दुसऱ्या वाचनात प्रत्येक क्रियापदापाशी थांबा आणि ते कोणामागे जाते, ते विचारा. तिसऱ्या वाचनात प्रत्येक ‘चा-ची-चे’च्या पुढचे नाम पाहा. शेवटी मजकूर मोठ्याने वाचा. डोळ्यांनी माफ केलेला तुटका मेळ कानाला खटकतो.

एक गोष्ट सगळीकडे सारखी ठेवा. कथनात ‘केलं, गेलं’ लिहायचे असेल तर शेवटपर्यंत तेच लिहा. ‘केले, गेले’ लिहायचे असेल तर तेच. दोन्हींची सरमिसळ वाचकाला अडखळवते.

दुसऱ्याचा मजकूर तपासत असाल, तर चूक जाईल एवढाच, कमीत कमी बदल करा. आपल्याला आवडत नाही म्हणून शब्द बदलू नका. दोन दुरुस्त्या शक्य असतील आणि मजकुरातून निर्णय होत नसेल, तर तिथे खूण करून पानाच्या समासात प्रश्नचिन्ह टाका आणि लेखकाला विचारा. सॉफ्टवेअर वापरा, कारण ‘जेष्ठ’ आणि ‘आर्शीवाद’ पकडण्यात ते थकत नाही. पण त्याची प्रत्येक सूचना स्वतः वाचल्याशिवाय स्वीकारू नका.

शिक्षिकेने मुलांना किती पुस्तके दिली, हे ठाऊक असणारी व्यक्ती एकच असते : ते वाक्य लिहिणारी. म्हणून चूक दाखवण्याचे काम कोणावरही सोपवावे. दुरुस्तीवरचा शेवटचा शब्द लेखकाचाच असावा.